भाडे कुणी भरले?

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या गल्लीत खोली शोधणारी मुले येऊ लागतात. पाठीवर सॅक, हातात गुणपत्रिकांची प्लास्टिकची पिशवी आणि चार पावले मागे संकोचाने उभा असलेला बाप. फाटकाची कडी वाजते आणि दरवर्षी तोच प्रश्न कानी येतो, "काकू, खोली आहे का?"

मी कराडजवळ विद्यानगरला राहते. गावातून निघून कृष्णेचा पूल ओलांडला की हे विद्यानगर लागते. १९६० साली इथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे आणखीही महाविद्यालये आली. नगराला विद्येचे नाव मिळाले. पण विद्येलाही रात्री पाठ टेकायला जागा लागते, आणि वसतिगृहात ती प्रत्येकाला मिळतेच असे नाही. ज्यांना मिळत नाही ते आमच्यासारख्यांच्या दारात येतात. २०१४ साली आम्ही कर्ज काढून घरावर दोन खोल्या चढवल्या. एकेका खोलीत तीन कॉट, तीन कपाटे, एक पंखा. माणशी १,८०० रुपये भाडे, लाइटबिल वेगळे. त्या पैशांतून कर्जाचा हप्ता जातो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे जे नीतीचे बोल लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायचे, बाईंनी धर्मशाळाच काढली आहे!

मी हायस्कुलात चित्रकला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण विचाराल तर दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. वर चित्रकला शिक्षकाची पदविका. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थिनी म्हणून मी कधी चढले नाही. त्यामुळे वरची मुले रात्री दोन वाजता कसल्याशा गणितावरून भांडू लागली, की मला राग येण्याऐवजी हेवा वाटतो. खरे सांगायचे तर हा लेख त्या हेव्यातूनच निघाला आहे.

गेल्या वर्षी एक मुलगा खोली सोडून गेला, तेव्हा त्याचे कपाट पुसताना दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला हिशेब मला दिसला. खर्चाच्या बाजूला ओळीने लिहिले होते: खोली १,८००, खानावळ २,८००, लाइट, मोबाइल, झेरॉक्स, गावी जाणे-येणे. जमेच्या बाजूला मात्र एकच शब्द होता: दूध. मी फडके हातात धरून त्या शब्दाकडे बघत राहिले. कुठेतरी डोंगराच्या कुशीत पहाटे चार वाजता कुणीतरी धारा काढीत होते, डेअरीच्या मापावर किटली रिकामी करीत होते, आणि त्या दुधावर माझ्या घरातला हा दिवा रात्री दोनपर्यंत जळत होता.

शिक्षणाचा खर्च म्हटला की आपण फीविषयी बोलतो. फीविषयी सरकारही बोलते. २०२४ सालापासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनेक घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. मोठी गोष्ट झाली. मी तर त्या दिवशी पेढे वाटले. पण फी माफ होते, छप्पर माफ होत नाही. मुलीला प्रवेश मिळतो, फी भरावी लागत नाही, आणि तरीही ती घरीच राहते. कारण त्या गावात तिला ठेवायचे कुठे, याचे उत्तर कुणाकडे नसते. शिक्षणाची फी समाज भरू लागला आहे. पण छपराचे भाडे कोण भरते? आणि ज्याच्यासाठी ते भरले जाते, त्याच्यावर त्याचे ऋण राहते का? राहत असेल तर ते फिटते कशाने?

हे प्रश्न मला पुस्तकात सापडलेले नाहीत. १९९४ सालच्या जून महिन्यात ते आमच्या घरी मुक्कामाला आले आणि आजपर्यंत गेलेले नाहीत.

त्या वर्षी माझा थोरला भाऊ बारावी झाला आणि मी दहावी. दादाला पुण्यात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. मला ७९ टक्के मिळाले होते. आमच्या गावापासून तालुक्याचे कॉलेज लांब, एस.टी.च्या वेळा अशा की संध्याकाळचा शेवटचा तास सोडल्याशिवाय घर गाठता यायचे नाही. म्हणजे मलाही तालुक्याला राहायला हवे होते. घरी तीन एकर जिरायत आणि दोन म्हशी. वडील रात्री ओसरीवर बसून म्हणाले, "पोरगा काय, कुठंही झोपंल. पोरीला खोली घिऊन कुठं ठेवायची?"

वडील कठोर नव्हते. त्यांच्या त्या एका वाक्यात भीती होती आणि दारिद्र्यही होते. दोघांपैकी एकच असते तर कदाचित मार्ग निघाला असता. पण भीतीला पैशाचे निमित्त मिळाले, पैशाला भीतीचे, आणि माझे दप्तर माळ्यावर गेले.

दादाने सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट घेतली. खोली नव्हे, कॉट. पुण्यात तेव्हाही विद्यार्थी कॉटच्या हिशेबाने राहत आणि आजही राहतात. साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद एवढ्या जागेचा तो राजा. कॉटचे अडीचशे, बाकी खानावळीचे आणि वरखर्चाचे. असे दरमहा ६०० रुपये गावाहून मनीऑर्डरने जात. वडिलांना सही येत होती, पण फॉर्म भरताना त्यांचा हात अडखळे. म्हणून पोस्टात मी बरोबर जाई आणि फॉर्म मी भरी. फॉर्मच्या तळाशी चार शब्दांचा संदेश लिहायला जागा असे. तिथे मी दर महिन्याला लिही, "सर्व खुशाल. अभ्यास कर."

पुढे तीन वर्षांनी मामांच्या घरी राहून मी पदविका केली. तिथे मला भाडे नव्हते. पहाटे पाणी भरणे, दोन वेळची भांडी, मामींच्या मुलांचा अभ्यास, एवढे झाले की उरलेला वेळ माझा. मामांनी मला आसरा दिला हे मी विसरणार नाही. पण मुलाच्या छपराची पावती फाटते आणि मुलीच्या छपराची भांडी घासली जातात, हेही मी विसरू शकत नाही.

२०१९ साली आई गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी, सुती दोऱ्याने बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या मिळाल्या. मोजल्या, ४६ निघाल्या. त्या पावत्यांवर पाठवणाराचे नाव वडिलांचे होते आणि घेणाराचे दादाचे. माझे नाव कुठेच नव्हते.

मनी येते, आमच्या आधीची मुले काय करीत असतील? छपराचा प्रश्न काही नवा नाही. पूर्वी पुण्यासारख्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस, सात घरे. कुणी माधुकरी मागत, कुणी देवळाच्या ओवरीत पथारी टाकत. त्या अन्नावर कितीतरी विद्वान वाढले, हे खरे. पण त्या दयेला दोन कुंपणे होती. एक जातीचे, वाराचा पाट सामान्यतः ब्राह्मणाच्या मुलासाठीच मांडला जाई. आणि दुसरे मिंधेपणाचे. सोमवारच्या घरी आमटी पातळ असली तरी सोमवारच्या मुलाने ती गोडच म्हणायची. दया पोट भरते, पण मान वर करू देत नाही.

दुसरा मार्ग राजाचा. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, आंघोळ कर आणि मगच आत ये. त्याने ते मानले नाही आणि राहती जागा गमावली. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

तिसरा मार्ग या भाऊरावांचा. ज्याला एकदा आंघोळीपायी खोली सोडावी लागली, त्याने पुढे साऱ्या मुलखातल्या पोरांना खोली दिली, असे मला नेहमी वाटते. १९१९ साली आमच्या कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. तिथली मुले स्वतः राबत, स्वतःचे अन्न स्वतः शिजवत. कमवा आणि शिका. त्या शिक्षणात कुणी कुणाचा मिंधा नव्हता. आणि तरीही एक दिवस कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून सारे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रदेखील त्या मुलांसाठी दिले. ही गोष्ट साताऱ्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. मुलांच्या श्रमाने भाडे फिटत आले, पण जिथे ते कमी पडले तिथे एका बाईच्या गळ्यातून भरले गेले.

दया, राजाश्रय आणि श्रम. आज या तिन्हींच्या जागी मुख्यतः चौथा मार्ग आहे, बाजार. पैसे द्या, खोली घ्या. पुष्कळांना हे अध:पतन वाटते. मला तसे वाटत नाही. भाडे भरणारा मुलगा माझ्या आमटीला वाईट म्हणू शकतो. नळाला पाणी आले नाही तर खाली येऊन मला जाब विचारू शकतो. दयेने न दिलेला ताठ कणा त्याला १,८०० रुपयांत मिळतो. ठरलेले, झेपणारे आणि आधी सांगितलेले भाडे हा मला तरी माणसामाणसातला स्वच्छ व्यवहार वाटतो.

पण बाजाराचीही एक गोम आहे. पैशाला जात नसते असे म्हणतात. पैसे घेणाऱ्या हाताला असते.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. अमेरिकेतले उच्च शिक्षण झालेले, हातात नोकरी, खिशात पैसे. नव्हती ती राहायला जागा. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना तिथून निघावे लागले. पुढे लंडनला शिकताना १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात भाडेकरू म्हणून राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि स्मारक केले. लंडनच्या त्या भाड्याच्या खोलीला आपण आज हार घालतो. चांगलेच करतो. पण माझ्या मनात मात्र बडोद्याची ती खोली असते, जी पैसे देऊनही मिळाली नाही. कारण तशी एक खोली माझ्या घरात आहे.

सांगायला लाज वाटते, पण सांगितल्यावाचून हा लेख खोटा ठरेल. २०१७ सालचा जुलै महिना. एक मुलगा वडिलांबरोबर आला. वडिलांच्या अंगात धुवट सदरा, हातात टोपी. मी वर नेऊन खोली दाखवली. मुलाने खिडकीपाशी उभे राहून बाहेर पाहिले. "इथं उजेड चांगला आहे," म्हणाला. भाडे सांगितले, ते त्यांना पटले. मी पाणी आणून दिले. आणि मग, अगदी सहज विचारावे तसे, मी विचारले, "पूर्ण नाव काय?"

त्याने सांगितले. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असं करा, मी कळवते. एकाला आधी शब्द दिलाय."

बापाने माझ्याकडे पाहिले नाही. तो फक्त म्हणाला, "बरं ताई. पोराचं बघा कुठं जमलं तर." पाण्याचा पेला त्याने कठड्यावर ठेवला. ते गेल्यावर मी तो उचलला, तेव्हा तो भरलेलाच होता.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "त्या पोराला का नाही दिलीस गं खोली?"

"तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"मला विचारलंस?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नसतंही चाललं कदाचित. पण ते मी म्हणायला हवं होतं. तू कशाला माझ्या नावावर घातलंस?"

माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत अशा प्रसंगी दार उघडणाऱ्या बायका आहेत. वाचकांनी त्यांच्यासाठी मला पत्रे लिहिली आहेत. स्वतःच्या दाराशी मात्र मी आडनाव विचारले. ज्याला शब्द दिला होता असा कुणी नव्हताच. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे दीड महिना फाटकावर लटकत राहिली, आणि त्या मुलाला कुठेतरी दूर जागा मिळाली असावी, कारण रोज सकाळी तो सायकलवरून त्या पाटीवरूनच कॉलेजला जाई. चार वर्षे गेला. एकदाही त्याने मान वळवून पाहिले नाही.

राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची दारे जातीच्या नावाने बंद करायला मनाई केली. सरकारने २०१६-१७ पासून, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे महिन्याला सोळाशे-सतराशे पडतात. पैसे उशिरा आल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वाचायला मिळतात. घरमालक मात्र पहिल्या तारखेला दारात उभा असतो. तरीही योजना आहे हे चांगले आहे. पण घटना झाली, योजना झाली, पैसे झाले. त्यानंतर एक दार उरते आणि त्या दारात मी उभी असते. "एकाला शब्द दिलाय" या वाक्याला कुठल्या कलमात धरणार?

तीन वर्षे गेली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. वरची सहाही मुले एका रात्रीत गावी गेली. गाद्या, पुस्तके, वाळत घातलेले टॉवेल तसेच राहिले. खोल्यांना कुलपे. आता भाड्याचे काय? सरकारने एप्रिलमध्ये घरमालकांना सांगितले, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला. पुढे ढकला म्हणजे सोडा नव्हे. मुले म्हणत, आम्ही राहतच नाही तर भाडे कशाचे? घरमालक म्हणत, जागा तर तुमच्याच सामानाने अडली आहे. दोघांचेही खरे होते. विद्यार्थी राहतात त्या गावोगावी हा वाद झाला.

मी पुष्कळ विचार करून निम्मे भाडे घ्यायचे ठरवले. मला वाटले, आपण फार उदार झालो. पाच मुलांनी निम्मे दिले, हसून आभार मानले. सहावा पाटण खोऱ्यातला. महाविद्यालये उघडल्यावर तो आला आणि हप्त्याहप्त्याने त्याने पुरे भाडे माझ्या हातात ठेवले. टाळेबंदीत तो दुसऱ्यांच्या रानात राबला होता. मी म्हटले, "अरे, निम्मंच ठरलंय. तू कुठं राहिलास इथं?"

तो म्हणाला, "काकू, मी नव्हतो. पण माझी पुस्तकं राहिली की तुमच्या घरात."

मी पैसे घेतले. घेताना हात जड झाला, तरी घेतले. कारण परत केले असते तर त्याच्या पाच महिन्यांच्या घामाला मी भीक केले असते. उदारपणाने माणूस नेहमीच मोठा होतो असे नाही. कधीकधी तो समोरच्याला लहान करतो. त्या दिवशी मला कळले, की माझी निम्मी सूट हे माझे पुण्य होते आणि त्याचे पुरे भाडे हा त्याचा मान होता. दोन्हींत मोठे काय, हे मला विचारू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येते. छपराचे ऋण फिटते कशाने?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी सांगितले, माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो. देवऋण यज्ञाने फिटते, ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण संततीने. लहानपणी हे पाठ केले तेव्हा त्यात विशेष काही दिसले नव्हते. आता दिसते. यातली दोन ऋणे जिथून घेतली तिथे परत करायचीच नाहीत! ऋषींनी ज्ञान दिले. ते त्यांच्या दारात परत नेऊन ठेवता येत नाही, आपण शिकायचे आणि पुढच्याला शिकवायचे. आईबापांनी वाढवले, त्यांना परत वाढवता येत नाही, पुढच्या जिवाला वाढवायचे. म्हणजे काही ऋणे मागे वळून फिटत नाहीत, ती पुढेच फेडावी लागतात, हे त्या शहाण्या माणसांना ठाऊक होते. बहिणीच्या ऋणाचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही. कदाचित त्यांच्याही मनीऑर्डरचा फॉर्म कुणीतरी दुसरेच भरत असेल.

छपराचे ऋण याच जातीचे आहे. दादाने मला माझी दोन वर्षांची अकरावी-बारावी परत देऊ म्हटले, तरी आता मी ती कुठे बसून शिकू? आणि सायकलवरून जाणाऱ्या त्या मुलाला मी आज खोली देऊ केली, तर तो ती काय करील? एका वहीत माझे येणे आहे, दुसऱ्या वहीत माझे देणे आहे, आणि दोन्ही जागच्या जागी फिटण्यासारखे नाही. मग फेडायचे कुठे? तर दारात आज जो उभा आहे, त्याच्यापाशी.

हे लिहायला गोड आहे, म्हणूनच मला त्याचे भय वाटते. पुढच्या मुलाला खोली दिल्याने त्या आधीच्या मुलाला काय मिळाले? काही नाही. त्याचा भरलेला पेला भरलेलाच राहिला. पुढे फेडणे ही फेड आहे, क्षमा नव्हे. एवढे भान ठेवले तरच त्या वाटेने जावे. नाहीतर पापाचे पुण्य करून घेण्याची ती एक सोयीची युक्ती होते.

त्या भानाने मी घरात दोन लहान नियम केले आहेत. पहिला: आधी खोली, मग नाव. कॉट पसंत पडली, भाडे पटले, किल्ली हातात दिली, की त्यानंतर करारासाठी नाव लिहून घ्यायचे. आपल्याकडे भाडेकरार लेखी करून नोंदवावा लागतो, तेव्हा नाव हे कळतेच. पण तोवर किल्ली दिलेली असते. दुसरा: दोन खोल्यांपैकी एक २०२२ पासून मुलींची. मुलींची जोखीम नको म्हणून शेजारच्या बायकांनी सांगून पाहिले. मी म्हटले, जोखीम तर आहेच. ती घरीच बसलेल्या मुलीचीही असते, फक्त ती कुणाला दिसत नाही.

आणि आता दिवाळी. वरची मुले-मुली फराळाला गावी जातील, किल्ल्या माझ्या खुंटीला लटकतील. पाडव्यानंतर मी भाऊबीजेला पुण्याला जाईन.

गेल्या भाऊबीजेला ते पावत्यांचे पुडके मी पर्समध्ये घालून नेले होते. दादाचे आता पुण्यात स्वतःचे घर आहे, त्याचा मुलगा यंदा बाहेरगावी शिकायला जायचा होता. ओवाळणे झाले, दादाने ताटात पाकीट ठेवले. जेवताना तो मुलाला सांगू लागला, "आम्ही एका कॉटवर चार वर्षं काढली. स्वतःच्या हिमतीवर शिकलो." हिंमत त्याची होतीच, मी नाही म्हणत नाही. पण घास माझ्या घशात अडला. पर्स मांडीशीच होती. हात तिच्यापर्यंत गेला आणि परत आला. धनकोचा अहंकार हाही एक अवगुणच आहे. इतकी वर्षे न मागितलेले येणे मनात जपण्यात एक चोरटे सुख असते, आणि ते मला सोडवत नव्हते.

तेवढ्यात भाच्याने विचारले, "आत्या, तेव्हा कॉटचं भाडं किती होतं गं?"

"अडीचशे," मी म्हटले.

"तुला कसं माहीत?"

"मनीऑर्डरचा फॉर्म मी भरायचे ना."

दादाने मान वर केली. काही बोलला नाही. जेवण तसेच पार पडले. मला रिक्षात बसवायला तो खाली आला, आणि रिक्षा सुरू झाल्यावर आत वाकून त्याने हळूच विचारले, "ते 'सर्व खुशाल' तूच लिहायचीस? त्यातली एखादी पावती असेल का गं घरी?"

"बघते," मी म्हणाले. आणि सगळ्या माझ्या मांडीवर होत्या.

यंदा त्या त्याला देणार आहे. वर्षभर मनाशी घोळवून एवढेच कळले, की बिल आणि पावती यांत फार अंतर आहे. बिल म्हणते, द्यायचे राहिले आहे. पावती म्हणते, तुझ्यापर्यंत पोहोचले.